एएमसीतला रिमोट सपोर्ट : काम झटपट, पण आमची किल्ली त्यांच्या खिशात (५ पैकी ३ स्टार)

सांगली मार्केट यार्डात आमचं हळद-बेदाण्याचं अडत दुकान आहे, कुपवाडच्या बाजूला प्रायव्हेट लिमिटेड करून चालवलेलं कोल्ड स्टोरेज आहे, आणि दोन्हीकडचे कॉम्प्युटर, प्रिंटर, वायफाय, काट्याचा पीसी हे सगळं माझ्या गळ्यात आहे, का तर घरात मीच तेवढा मोबाईलला जास्त चिकटलेला असतो असं अण्णांचं म्हणणं. हा रिव्ह्यू आमच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरवाल्याच्या एएमसीचा (वर्षाच्या देखभालीचा करार), त्यातही मुख्य रिमोट सपोर्टचा, म्हणजे लांबून आपल्या मशीनवर येऊन काम करून देण्याचा. दुकानाचं नाव लिहीत नाही. माणसं कामाला चोख आहेत, आणि जे खटकलं ते त्यांच्या एकट्याचं नाही, यार्डात नाहीतर गणपती पेठेत कुणालाही विचारा, सगळीकडे हीच पद्धत चालू आहे. रेट वर्षाला साडेसहा हजार अधिक जीएसटी, त्यात फोन सपोर्ट, रिमोट, आणि अगदीच अडलं तर माणूस प्रत्यक्ष.

आधी चांगलं लिहितो नाहीतर वाटायचं भांडायलाच बसलाय. दिवाळीच्या तोंडावर बेदाण्याचे सौदे बंद ठेवून झिरो पेमेंट चालतं, म्हणजे ज्याचं त्याचं देणंघेणं शून्यावर आणायचं, त्या दिवसांत आमच्या दिवाणजींना जेवायला सुद्धा उठता येत नाही. ऐन त्यात खरेदीदाराच्या लेजरशी आपलं लेजर जुळेना, मागच्या वर्षाची ओपनिंग डबल आली, पट्टीवर हमाली-तोलाईच छापून येईना, असलं काहीतरी होतंच. मग फोन लावायचा, पलीकडची मुलगी म्हणते "काका नंबर सांगा", दिवाणजी चष्मा सावरत नऊ आकडे वाचतात आणि चहा निवायच्या आत काम झालेलं असतं. पूर्वी याच कामाला पोरगं गाडीवरनं यायचं आणि "निघालोय, कॉलेज कॉर्नरला आहे" हे दुपारभर सांगत राहायचं. २०२० च्या लॉकडाऊनमधे तर हेच एक साधन होतं, ई-वे बिलं घरनं निघाली ती त्यांच्यामुळे, ते उपकार मी विसरलेलो नाही. स्पीडला, बोलण्याला, कामाच्या समजेला पाचपैकी पाच. फोन उचलतात हो, सांगलीत फोन उचलणारा सपोर्टवाला म्हणजे अर्धी लढाई जिंकली.

आता दुसरी बाजू.

हे सगळं चालतं एनीडेस्कवर, म्हणजे लांबून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायच्या सॉफ्टवेअरवर, दिवाणजी वाचतात तो नऊ आकडी नंबर त्याचाच. एनीडेस्कने आत यायचे दोन रस्ते असतात. एक म्हणजे समोरचा कनेक्ट करतो, आपल्या स्क्रीनवर खिडकी येते, आपण ॲक्सेप्ट दाबलं तरच तो आत. दुसरा म्हणजे अनअटेंडेड ॲक्सेस, यात एक पासवर्ड आधीच सेट करून ठेवलेला असतो आणि तो ज्याला माहीत आहे तो कधीही, खुर्चीत कुणी असो नसो, आत येऊ शकतो. इन्स्टॉल करायला आलेल्या पोराने आमच्याकडे दुसरा रस्ता चालू करून ठेवलेला, कुणाला न विचारता, कारण त्यांच्याकडे सगळ्यांनाच तसंच करून देतात. सोय म्हणून बघितलं तर सोयच आहे, रात्री अपडेट मारता येतं, दिवाणजी जेवायला गेले तरी काम थांबत नाही. पण तो पासवर्ड काय होता माहितीये का, त्यांच्याच दुकानाचं नाव आणि पुढे ॲट वन टू थ्री. मला कळला कसा, तर शेजारच्या गाळ्यात बसलो होतो, तिथल्या पोराला फोनवर सपोर्टवाला स्पीकरवर पासवर्ड सांगत होता, मी घरी... म्हणजे आमच्या गाळ्यात येऊन तोच टाकून बघितला आणि आमचं मशीन उघडलं. यार्डातल्या किती गाळ्यांना ती एकच किल्ली लागते ते त्यांनाच माहीत.

मग मी जरा खोलात गेलो. ज्यांच्याकडे एनीडेस्क इन्स्टॉल करून ठेवलेलं आहे त्यांनी हे आजच करून बघा, पाच मिनिटाचं काम आहे. सी ड्राइव्हमधे प्रोग्रॅमडेटा नावाचं लपलेलं फोल्डर असतं, त्यात एनीडेस्कचं फोल्डर, आणि त्यात कनेक्शन ट्रेस नावाची साधी टेक्स्ट फाइल असते, नोटपॅडमधे उघडते. एकेका ओळीत तारीख, वेळ, बाहेरच्याचा आयडी आणि तो आत कसा आला ते लिहिलेलं असतं. 'युजर' लिहिलंय म्हणजे इथं कुणीतरी ॲक्सेप्ट दाबलं. पासवर्डचा शब्द आहे म्हणजे तो पासवर्ड टाकून आपला आपण आला. आणि 'टोकन' लिहिलंय म्हणजे कधीतरी पासवर्ड टाकताना त्याने पुढच्या वेळी विचारू नको अशी खूण करून ठेवली होती, त्यामुळे आता त्याला पासवर्ड आठवायची पण गरज नाही. आमच्या फाइलीत युजरच्या ओळी होत्या त्या सगळ्या ओळखीच्या, दिवाणजींनी फोन केले त्या दिवशीच्या. पण मधेमधे टोकनच्या ओळी होत्या आणि त्यातल्या काही चक्क रविवारच्या, यार्ड बंद, गाळ्याला कुलूप, आणि पीसी मात्र बॅकअपसाठी चालू ठेवलेला.

फोन केला.

"दादा, आमच्या मशीनवर रविवारी कोण आलं होतं?"

"कोण येणार ओ रविवारी? बॅकअप बघायला आलं असंल एखादं पोरगं."

"कुठलं पोरगं?"

"आता ते बघायला लागंल की."

बघितलं त्यांनी, हे त्यांच्या बाजूने सांगायला पाहिजे, टाळाटाळ नाही केली. संध्याकाळी त्यांच्या ऑफिसातल्या सगळ्या लॅपटॉपचे आयडी काढून आमच्या फाइलीशी लावून बघितले. एक आयडी कशाशीच जुळेना. मग कुणीतरी म्हणालं की हा जुन्या पोराचा दिसतोय, स्वतःचा लॅपटॉप वापरायचा, आता पुण्याला असतो. म्हणजे नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या लॅपटॉपवर आमच्या गाळ्याची किल्ली तशीच राहिली होती आणि ती परत घ्यायची हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. त्या रविवारी तोच आला की त्याचा लॅपटॉप विकत घेणारा आला की आणि कोण, ते आजपर्यंत समजलेलं नाही. हिशोबात काही फरक सापडला नाही, बँकेतून काही गेलं नाही. पण नुसतं वाचून गेलेल्या माणसाचा हिशोबात फरक कुठनं सापडणार, सगळ्या रविवारांचा दिवाणजींनी कितीही ताळा केला तरी.

त्या एका पीसीत काय काय असतं याचा कधी विचार केलाय का? आमच्याकडे शेतकऱ्यांची नावं, मोबाईल, बँक खात्याचे नंबर, आयएफएससी, कुणाला किती उचल दिली आणि कुणाची किती बाकी. बाहेरगावच्या खरेदीदारांची उधारी, कुणाला काय रेट लावला, कुणाचा चेक परत आला. यार्डात तुमची उधारीची यादी दुसऱ्या अडत्याच्या हातात पडणं हे चोरी होण्यापेक्षा वाईट. वर नेटबँकिंग त्याच ब्राउझरात, पासवर्ड सेव्ह करून. जीएसटी पोर्टल, ई-वे बिल, सीएकडचे मेल. आणि डिजिटल सिग्नेचरचं टोकन (हे वेगळं, पेनड्राइव्हसारखं असतं), ते तर यूएसबीला बारा महिने लावलेलंच असतं आणि त्याचा पिन कुठं तर कीबोर्डखाली चिठ्ठीवर (आमच्याकडे नाही, पण मी ज्यांच्याकडे बघितला ते हे वाचतायत). टोकन लावलेलं आणि पिन हातात, मग रिमोटने आलेल्या माणसाला तुमची सही करायला तुमची काय गरज? सगळ्यात सोपी चोरी तर अजून वेगळीच आहे, काही काढायचंच नाही, फक्त बिलाच्या फॉरमॅटवर खाली छापलेला आपला बँक खाते नंबर बदलायचा. खरेदीदार इमानदारीत पैसे भरणार, आपण इमानदारीत वाट बघणार.

अजून एक गंमत. कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून अकाउंटिंग सॉफ्टवेअरमधे एडिट लॉग लागतो, म्हणजे कुठली एंट्री कुणी कधी बदलली त्याची नोंद, जी बंद करता येता कामा नये. आमचं कोल्ड स्टोरेज कंपनी असल्याने तिथं आहेच, अडत दुकान भागीदारीतलं तरी तिथं पण चालू करून घेतलं. आता रिमोटवाला येतो तेव्हा सॉफ्टवेअर उघडंच असतं, दिवाणजींच्या लॉगिनने. त्यामुळे त्याने काहीही केलं तरी लॉगमधे नाव दिवाणजींचं. त्यांना हे समजावून सांगितलं तेव्हा ते जे काय बोलले ते इथे लिहिता येत नाही, पण दुसऱ्या दिवशीपासून जेवायला उठताना विंडोज लॉक करून उठायला लागले, जे मी वर्षभर कानीकपाळी ओरडून झालं नव्हतं.

मला खरी भीती त्या पुण्याच्या पोराची नाही. भीती त्या एक्सेल शीटची वाटते. सपोर्टवाल्याच्या ऑफिसात एक शीट असते, गिऱ्हाइकाचं नाव, एनीडेस्क आयडी, पासवर्ड, कधी कधी सॉफ्टवेअरचा ॲडमिन पासवर्ड पण शेजारच्या रकान्यात. त्यांच्या एका लॅपटॉपवर क्रॅक सॉफ्टवेअरमधनं एखादा पासवर्ड चोरणारा व्हायरस आला तर माझ्या मशीनला मी कितीही महाग अँटिव्हायरस घालून ठेवलेला असू दे, चोर तर रीतसर किल्ली लावून येणार, अँटिव्हायरसला तो पाहुणाच वाटणार. आणि एकट्या माझ्याकडे नाही, शीटवरच्या सगळ्यांकडे, एका रात्रीत.

हे मी घाबरवायला लिहीत नाही, असं झालेलं आहे. अमेरिकेत टार्गेट म्हणून दुकानांची मोठी साखळी आहे, २०१३ मधे त्यांच्या गिऱ्हाइकांच्या ४ कोटी कार्डांचा डेटा चोरीला गेला, आणि चोर आत शिरले ते एसी-फ्रिजचं काम करणाऱ्या ठेकेदाराच्या लॉगिनने. एवढी मोठी कंपनी, एवढे गार्ड, आणि भोक पडलं ते फ्रिजवाल्याच्या दारातून, कोल्ड स्टोरेजवाल्यांनो ऐकताय ना. मग जुलै २०२१ मधे कासेया नावाच्या कंपनीचं सॉफ्टवेअर, जे सपोर्टवालेच गिऱ्हाइकांची मशीनं लांबून सांभाळायला वापरतात, त्यातली एक त्रुटी धरून रेव्हिल टोळीने सपोर्टवाल्यांच्या मार्फत खाली हजार-दीड हजार धंद्यांवर रॅन्समवेअर, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, सोडलं आणि ७ कोटी डॉलर मागितले. स्वीडनमधे कोऑप नावाच्या किराणा साखळीची शेकडो दुकानं बंद ठेवायला लागली कारण गल्ल्यावरची मशीनंच चालेनात. कोऑपने कासेयाचं नाव पण ऐकलं नसेल, ते त्यांच्या सपोर्टवाल्याचा सपोर्टवाला होते.

आणि आपल्याकडचं म्हणाल तर ३१ जुलै २०२४ आठवा. सी-एज म्हणून कंपनी आहे, लहान बँकांना बँकिंगची यंत्रणा पुरवते, तिच्यावर रॅन्समवेअरचा हल्ला झाला म्हणून एनपीसीआयने, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेने, तिला पेमेंटच्या जाळ्यातून तात्पुरतं तोडलं, आणि देशातल्या सुमारे ३०० लहान बँकांची, म्हणजे सहकारी आणि ग्रामीण, यूपीआय-एटीएमची कामं अडकली. त्या बँकांनी स्वतः काही केलेलं नव्हतं, फक्त काम ज्याच्याकडे दिलं होतं त्याच्याकडे गडबड झाली. आपला अख्खा जिल्हा सहकारी बँकांवर आणि पतसंस्थांवर चालतो, त्यामुळे ही बातमी मला लांबची वाटली नव्हती.

मग एनीडेस्कच काढून टाकायचं का? अण्णांचं पहिलं म्हणणं तेच होतं, "ती भानगडच नको, माणूस बोलव". पण त्याने काही होत नाही. प्रत्यक्ष आलेला माणूस पण पेनड्राइव्ह लावतोच की, आणि तो पेनड्राइव्ह सकाळपासून किती गाळ्यांत लावून आलाय कुणास ठाऊक. सॉफ्टवेअरमधे खोट नसते असं नाही, खुद्द एनीडेस्क कंपनीच्याच सर्व्हरमधे कुणीतरी शिरलं होतं, त्यांनी ते फेब्रुवारी २०२४ मधे जाहीर केलं, वेबसाइटवरच्या खात्यांचे पासवर्ड रद्द केले आणि सॉफ्टवेअरवर सही करायचं सर्टिफिकेट बदललं. त्यामुळे त्याच्या आधीचं जुनं व्हर्जन कुणाकडे असेल तर ते काढून नवीन टाका, आमच्या काट्याच्या पीसीवर बाबा आदमच्या काळातलं निघालं. टीमव्ह्यूअर या असल्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या कंपनीने पण जून २०२४ मधे त्यांच्या ऑफिसच्या नेटवर्कमधे घुसखोरी झाल्याचं सांगितलं. मोठ्यांच्या घरी पण होतं, पण त्यांनी निदान सांगितलं तरी, आमच्या सपोर्टवाल्याकडे झालं तर त्याला स्वतःलाच कळणार नाही.

आणि क्विक असिस्ट, जे विंडोजमधेच येतं, त्यात प्रत्येक वेळी नवीन कोड लागतो, म्हणजे कायमची किल्ली प्रकारच नाही. ते मला बरं वाटतं. पण त्याचा पण गैरवापर झालाच, मे २०२४ मधे मायक्रोसॉफ्टनेच सांगितलं की एक टोळी आधी माणसाच्या मेलबॉक्सवर शेकडो फालतू मेल पाडते आणि मग "आयटी सपोर्टमधून बोलतोय, तुमचा मेलचा प्रॉब्लेम सोडवतो" म्हणून फोन करून क्विक असिस्टने आत शिरते. आपल्याकडच्या बँकेच्या नावाने येणाऱ्या फोनसारखंच ते, ज्याबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मधेच बँकांना एनीडेस्कचं नाव घेऊन सावध केलं होतं, नऊ आकडी कोड मागतात म्हणून. तेव्हा दुकानात नियम असा केलाय की फोन आपण लावायचा, आलेल्या फोनवर कुणालाही नंबर सांगायचा नाही, समोरच्याचा आवाज ओळखीचा असला तरी. आणि सपोर्टचा नंबर गूगलवर शोधायचा नाही, तो भिंतीवर लिहून लावलाय.

एक किस्सा याच सपोर्टवाल्याचा, यासाठी मी अर्धा स्टार कापलाय. कोल्ड स्टोरेजवरून दुकानाचा डेटा बघता यावा म्हणून विचारलं तर त्यांचा माणूस म्हणाला एवढंच ना, स्टॅटिक आयपी घ्या, राउटरवर पोर्ट उघडून देतो, विंडोजचं रिमोट डेस्कटॉप चालू, खर्च काही नाही. हा सल्ला तुम्हाला कुणी दिला तर हात जोडा आणि चहा पाजून परत पाठवा. रिमोट डेस्कटॉपचं पोर्ट ३३८९, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, इंटरनेटवर उघडं टाकलं की जगभरचे आपोआप फिरणारे प्रोग्रॅम दिवसरात्र पासवर्ड टाकून बघत बसतात, रॅन्समवेअरवाल्यांचा हा आवडता रस्ता. २०१९ च्या मे महिन्यात ब्लूकीप म्हणून याच रिमोट डेस्कटॉपमधली एक खोट निघाली, तिला तर पासवर्ड पण लागत नव्हता, आणि ती इतकी वाईट होती की मायक्रोसॉफ्टने कधीच सपोर्ट बंद केलेल्या एक्सपीला सुद्धा दुरुस्ती काढून दिली. आमचा काट्याचा पीसी विंडोज सेव्हनवर, ज्याचा सपोर्ट जानेवारी २०२० मधे संपला, कारण काट्याचं सॉफ्टवेअर त्याच्यावरच चालतं म्हणे. त्या पीसीला आता इंटरनेटच नाही, वजनाचा आकडा कागदावर येतो आणि दिवाणजी तो टाइप करतात. विंडोज टेनचा पण सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मधे संपलाय, तेव्हा हसू नका.

तर आम्ही काय केलं. रिन्यूअलची वेळ आलेलीच होती, मी त्यांच्या ऑफिसात जाऊन बसलो आणि म्हटलं पैसे देतो पण आमच्या पद्धतीने. अनअटेंडेड पासवर्ड काढून टाकला, जुनी टोकन सगळी साफ केली, आता आत यायचं तर इथल्या माणसाने ॲक्सेप्ट दाबलंच पाहिजे. एनीडेस्कच्या सिक्युरिटी सेटिंगात अशी पण सोय आहे की एनीडेस्कची खिडकी उघडी असेल तरच बाहेरून कनेक्ट होईल, ते लावलं, म्हणजे काम झालं, खिडकी बंद केली, विषय संपला. ठरावीक आयडींनाच परवानगी द्यायची यादी असते, त्यात त्यांचे आताचे लॅपटॉप घातले, आणि नवीन माणूस आला किंवा जुना गेला की मला मेसेज करायचा असं ठरलं. फाइल पाठवणं, क्लिपबोर्ड आणि आपली स्क्रीन काळी करून पलीकडे काम करायची जी परवानगी असते ती, हे तिन्ही बंद, लागेल तेव्हा सेशनपुरतं चालू करायचं. सॉफ्टवेअरमधे त्यांच्यासाठी वेगळं 'सपोर्ट' नावाचं लॉगिन केलं, म्हणजे एडिट लॉगमधे नाव त्यांचं येईल. आणि सगळ्यात कामाची गोष्ट, एका जुन्या लॅपटॉपवर नेटबँकिंग आणि डिजिटल सिग्नेचर हलवलं, त्यावर कुठलंही रिमोट नाही, काम झालं की सहीचं टोकन काढून अण्णांच्या कपाटात. याला वरचा खर्च शून्य आला.

तोटे झाले ते पण लिहितो. दिवाणजी सौद्याला गेले की पलीकडचा ताटकळतो, कारण ॲक्सेप्ट दाबायला कुणी नाही. रात्रीची अपडेट बंद झाली, आता शनिवारी संध्याकाळी मी थांबतो. पहिले काही दिवस त्यांच्या पोरी वैतागल्या, "काका तुमच्याच इथं एवढं नाटक आहे", आणि दिवाणजींनी पण मला दोन शब्द सुनावले. पण एकूण वेळ म्हणाल तर एका कामामागे मिनिटभर वाढला असेल, त्याच्यावर नाही.

जे त्यांनी मान्य केलं नाही ते असं. महिन्याला कोण कधी आमच्या मशीनवर आलं त्याची यादी मागितली, "दादा एवढी गिऱ्हाइकं, कोण लिहीत बसणार" हे उत्तर. खरी गोष्ट अशी की ते एनीडेस्क फुकटचं वापरतात, जे घरगुती वापरापुरतं असतं, धंद्याला लायसन्स घ्यावं लागतं, आणि लायसन्स घेतलं की सेशनची नोंद आपोआप होते, कुणाला लिहीत बसावं लागत नाही. आमच्याकडून साडेसहा हजार घेतात आणि स्वतः फुकटवर, हे मला पटलं नाही. प्रत्येक पोराला वेगळं लॉगिन, गेला की बंद, हे पण "बघू" वर राहिलंय. आणि लेखी काही द्यायला तयार नाहीत, डेटा बाहेर गेला तर जबाबदारी कुणाची ही एक ओळ एएमसीच्या कागदावर टाका म्हटलं तर म्हणाले असलं सांगलीत कोण मागत नाही. मागायला लागतील. डिजिटल पर्सनल डेटाचा २०२३ चा कायदा आहे, नोव्हेंबर २०२५ मधे त्याचे नियम आले, मुख्य तरतुदी त्यानंतर दीड वर्षाने लागू होणार आहेत, आणि त्यात शेतकऱ्याचा डेटा ज्याने गोळा केला त्याचीच सांभाळायची जबाबदारी, काम पुढे दुसऱ्याकडे दिलं असलं तरी. पुरेशी काळजी घेतली नाही म्हणून दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. अण्णांना हा आकडा सांगितला तर ते म्हणाले आपलं यार्ड विकलं तरी होणार नाहीत, मग कशाला घाबरायचं. शिवाय सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या आदेशाप्रमाणे असला प्रकार लक्षात आल्यावर ६ तासांत कळवायचं असतं. पैसेच गेले तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, लगेच, दुसऱ्या दिवशी नाही.

जाता जाता, सपोर्टवाल्याला झोडपताना बाकीच्यांना विसरू नका. आमच्या सीसीटीव्हीवाल्याकडे पण डीव्हीआरचा (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणाऱ्या डब्याचा) पासवर्ड आहे, कंपनीतून आलेला तोच ठेवलेला, आणि २०१६ मधे असल्याच न बदललेल्या पासवर्डवाल्या कॅमेऱ्यांची फौज करून मिराय नावाच्या व्हायरसने अर्ध्या अमेरिकेच्या वेबसाइट बंद पाडल्या होत्या. कोल्ड स्टोरेजच्या कंट्रोलरला कॉम्प्रेसरवाल्याने सिमकार्ड घालून ठेवलंय, लांबून टेम्परेचर बघायला. बघायला ठीक आहे, बदलायला पण येतं का ते विचारलं तर "येतं की" म्हणाला एकदम अभिमानाने. आत कितीजणांचा बेदाणा ठेवलाय याची त्याला कल्पना आहे का माहीत नाही. तो रिव्ह्यू वेगळा लिहीन, त्याच्याशी बोलणं अजून चालू आहे.

तर कुणी घ्यावी ही एएमसी? एकटा दुकानदार असाल, कॉम्प्युटरमधलं काही कळत नसेल तर घ्या, या रेटमधे एवढी फास्ट सर्व्हिस मिळत नाही, पण पहिल्याच दिवशी अनअटेंडेड पासवर्ड बंद करून घ्या, सांगितलं की करून देतात, आपण सांगत नाही म्हणून तसंच राहतं. पतसंस्था, सीएचं ऑफिस, दवाखाना, असं जिथं दुसऱ्यांचा डेटा आहे तिथं मात्र सेशनची नोंद आणि लेखी जबाबदारी या दोन गोष्टी मिळाल्याशिवाय सही करू नका. आम्ही एक वर्षाची रिन्यू केली, तीन वर्षाची डिस्काउंटवाली ऑफर होती ती घेतली नाही. सपोर्टच्या कामाला पाच, सेफ्टीला एक, त्यांनी आमचं बरंचसं ऐकून घेतलं म्हणून मिळून तीन. एनीडेस्कचं लायसन्स घेऊन महिन्याची यादी पाठवायला लागले की इथेच येऊन चार करतो.